तोंड माझं, बोटं कंपनीची

२ जानेवारी, गुरुवार

मल्लप्पा आडत्यानं नव्या काट्याची पूजा केली, गल्लीभर पेढे वाटले आणि मला बोलावलं न्हाई. काटा बोलतो. माझ्या आवाजात बोलतो. ज्याचं तोंड वापरायचं त्यालाच पेढा न्हाई, ही कुठली रीत? सून उमादेवी म्हणाली, शुगरवाल्यांना देत नसतील. मला शुगर न्हाई, बीपी आहे. सव्वीस वर्षं झाली ह्या घरात येऊन, अजून तिला सासूचा आजार पाठ न्हाई.

तक्रार लिहून झाली. आता शरणु शरणार्थी, हा आमच्यातला नमस्कार. नवं साल, नवी वही. डॉक्टरनं सांगितलंय, रोज बीपी मोजायचा आणि लिहून ठेवायचा. वही खताच्या दुकानातली आहे. मी तिसरीपर्यंत शिकले, ती उमरग्याच्या मराठी शाळेत. लग्न होऊन इकडं आळंद तालुक्यात आले तर सगळ्या पाट्या कन्नड. बोलायला दोन्ही येतात, लिहायला मराठीच. घरात मराठी वाचणारं कुणी न्हाई, म्हणून खरं लिहायला हरकत न्हाई.

आवाजाचं असं झालं. नात अंबिका कलबुर्गीला कॉम्प्युटरची नोकरी करते. मागच्या उन्हाळ्यात तिनं एक सॉफ्टवेअर केलं. काट्यावरचा आकडा ज्याला वाचता येत न्हाई त्याला तो ऐकू यावा, एवढंच त्याचं काम. आकडे माझ्याकडून बोलवून घेतले. धान्याच्या खोलीत गोधड्या टांगून, पंखा बंद करून, चार दुपारी. मराठीत आणि कन्नडमध्ये. घामानं भिजले, पण एक आकडा चुकले न्हाई. मग तिनं ते सगळं नेटवर फुकट ठेवलं आणि मालक म्हणून माझं नाव टाकलं. तिचं प्रेम. मी काही मागितलं नव्हतं.

ठराव: गर्व करायचा न्हाई. उद्या तिकडून सहज जायचं.

बीपी: मशीनचे सेल संपलेत.

३ जानेवारी, शुक्रवार

सहज गेले. दोन तास सहज थांबले.

तुरीची पोती एकावर एक यायलीत. पोतं टेकलं की मी बोलते, "एकोणपन्नास किलो." मग कन्नडमध्ये. स्वच्छ, ठणठणीत. आमचे मालक गुरुशांतप्पा एकतीस वर्षं ह्याच बाजारपेठेत तोलार होते, पोती तोलायचे. त्यांचा आवाज तिसऱ्या पोत्यापासून बसायचा. माझा संध्याकाळपर्यंत तसाच.

मल्लप्पानं चहा दिला. पेढे संपले म्हणाला.

काटा जरा रिकामा झाला तेव्हा मी त्याच्यावर उभी राहिले. "बासष्ट किलो, सातशे ग्रॅम." डिसेंबरात डॉक्टरकडं चौसष्ट भरले होते. म्हणजे एका महिन्यात सव्वा किलो उतरले. सकाळच्या चहातली साखर सोडली, त्याचा गुण. संध्याकाळच्या चहाचा प्रश्न येत न्हाई, तो औषधाबरोबर घेते.

ठराव: डॉक्टरला सांगून गोळी अर्धी करून घ्यायची.

५ जानेवारी, रविवार. सकाळी दहा.

अंबिकाचा फोन. मी तिला आनंदाची बातमी दिली. तिनं विचारलं, कुठल्या कंपनीचा काटा. हैदराबादची, मी म्हटलं. ती म्हणाली, त्यांना मी तीन वेळा ईमेल करून न्हाई म्हणले होते.

तिनं समजावून सांगितलं, मला लगेच कळलं. तिचं सॉफ्टवेअर कुणीही न्यावं, बदलावं, विकावं, पैसे द्यायची गरज न्हाई. लायसन्सची अट एकच. त्याला आपलं काही जोडलं आणि पुढं दुसऱ्याला दिलं, तर जोडलेलं सगळं उघडं ठेवायचं, आत काय आहे ते मागेल त्याला दाखवायचं. ही कंपनी वजन मोजायचं आपलं मॉड्यूल कुलूपबंद ठेवते. उघडं आणि कुलूपबंद असं एकत्र बांधता येत न्हाई. बांधायचं तर मालकाची वेगळी परवानगी लागते. आणि मालकानं ती दिलेली न्हाई, असं अंबिका म्हणाली.

मी व्हय म्हणाले.

आता अरुणकुमारचं. दिवाळीनंतर कंपनीचा तो माणूस घरी आला होता. चांगला माणूस. पाया पडला. नारळ, साडी, ब्लाऊजपीस आणलं. जेवला. मी त्याला बाजारातल्या तोलाईची सगळी रीत सांगितली, दोन तास. त्यानं लिहून घेतलं. शहरातल्या माणसानं माझं बोलणं लिहून घेतलेलं मी पहिल्यांदा पाहिलं. जाताना एका कागदावर सही मागितली. इंग्रजी होता. वर माझं नाव होतं, तेवढं मी ओळखलं. तो आला होता याचा कागद असेल. नोकरीच्या माणसांना कुठं कुठं फिरलो ते ऑफिसात दाखवावं लागतं.

हे अंबिकाला सांगितलं न्हाई. तिनं विचारलं न्हाई. पोरीला आधीच कामाचा ताण.

८ जानेवारी, बुधवार

चन्नव्वा आली. समोरचं घर, चाळीस वर्षांची शेजारीण. शरणार्थी न्हाई, बस म्हटलं तर बसली न्हाई. तिच्या दिराकडं जुना काटा आहे. घरून पन्नास किलो मोजून अकरा पोती नेली. मल्लप्पाकडं प्रत्येक पोतं एकोणपन्नास.

"रत्नक्का, तुझ्या तोंडातून माझी एक एक किलो तूर कुठं जायलीय?"

मी तिला सांगितलं, तुझ्या दिराचा काटा रझाकारांच्या वेळचा आहे. ती म्हणाली, रझाकार गेले, काटा खराच राहिला. मी म्हटलं, माझा आवाज सत्तर वर्षांत खोटं बोललेला न्हाई. ती म्हणाली, माझी वाटी दोन वर्षं तुझ्याकडं आहे, विचारलं की न्हाई म्हणतेस. वाटीचा इथं काय संबंध?

बीपी: मोजला न्हाई. उगीच जास्त आला असता.

१० जानेवारी, शुक्रवार

गावात बोलणं पसरलं. नळावर गेले तर बायका गप्प झाल्या. मी निघाले तशी मागून एकजण "एकोणपन्नास किलो" असं माझ्यासारखं बोलली. हसल्या. नक्कल जमली नव्हती.

तोलाराची बायको मी. नवऱ्याकडं बोट दाखवायची एकाची छाती झाली न्हाई. आता ते न्हाईत आणि माझ्या तोंडाला चोर म्हणायलेत. दुसरं काही गेलं असतं तर चाललं असतं. ह्या वयात माणसाकडं नाव सोडून राहतं काय?

ठराव: आठ दिवसांत निकाल लावायचा. पोलीस, पंचायत काही नको. मी एकटी पुरे.

१४ जानेवारी, मंगळवार. संक्रांत.

अंबिका सकाळच्या बसनं आली. तीळगूळ हातात धरून सरळ मल्लप्पाच्या आडतीवर. मला म्हणाली तू घरी थांब. मी तिच्या आधी पोचले.

तिनं आपल्याबरोबर वीस किलोचं लोखंडी वजन आणलं होतं, सरकारी शिक्क्याचं. काट्यावर ठेवलं. मी बोलले, म्हणजे काटा बोलला, "एकोणीस किलो, सहाशे ग्रॅम."

अंबिकानं दोनदा ठेवलं, तीनदा ठेवलं. मग म्हणाली, आवाजात चूक न्हाई. आपल्या सॉफ्टवेअरला आतून जो आकडा मिळतो तोच ते बोलतं. आकडा ते कुलूपबंद मॉड्यूल देतं आणि ते शंभराला दोन किलो खातं.

मी म्हटलं, म्हणजे बैलबाजारातला रुमाल. दलाल तोंडानं सगळ्यांना ऐकू येईल असं बोलतो, देवाची शपथ घेतो, आणि खरा भाव रुमालाखाली बोटांनी ठरतो. इथं तोंड माझं, बोटं कंपनीची.

अंबिका म्हणाली, "आज्जी, हे तर वकिलालाबी असं सांगता आलं नसतं." तीन वर्षांत तिनं केलेलं पहिलं कौतुक. लिहून ठेवते.

मल्लप्पा म्हणाला, मला आतलं काही ठाऊक न्हाई, कंपनीनं बसवला तसा बसवला. तो खोटं बोलत न्हाई असं वाटलं. त्याला खरंच काही ठाऊक नसतं.

म्हणजे माझं वजनही चौसष्टच. ह्यावर आज विचार करायचा न्हाई. सण आहे.

१५ जानेवारी, बुधवार

अंबिकानं कंपनीला फोन लावला. कंपनीचं म्हणणं असं की ही दोन सॉफ्टवेअर एकत्र न्हाईतच. एका डब्यात दोन वेगळी आहेत, आकड्यापुरतं एकमेकांशी बोलतात. म्हणून अट लागू होत न्हाई.

मी अंबिकाला म्हटलं, हे चन्नव्वाच्या घरासारखं झालं. सासू-सुनेची रेशनकार्डं दोन. सरकारला सांगतात चूल वेगळी. आत जाऊन बघ, तवा एक, पीठ एक, भांडणसुद्धा एकाच भाकरीवरून. अंबिका म्हणाली, नेमकं तेच बघायचं असतं, तवा एक आहे का. ह्यांचा एकच आहे. दोन्ही एकात एक शिवलेली आहेत, सोडवली तर काटा चालत न्हाई.

मग तिनं नोटीस लिहिली. मॉड्यूल उघडं करा, न्हाईतर आमचं सॉफ्टवेअर काढा. खाली मालकाची सही. माझी. जोरात केली, कागद जरा फाटला.

सही करताना तो दुसरा कागद आठवला. पण चांगल्या कामाच्या वेळी फाटे फोडू नयेत.

१७ जानेवारी, शुक्रवार

नोटीस गेली. आता कंपनी घाबरेल. अरुणकुमार स्वतः येईल. आला की त्याला आधी जेवू घालायचं, मग झाडायचं.

चन्नव्वाला खिडकीतून सांगितलं, नोटीस दिलीय. ती म्हणाली, तूर दे.

२० जानेवारी, सोमवार. संध्याकाळी.

अरुणकुमार आला न्हाई, म्हणून मीच हैदराबादला निघाले. उमादेवीला दवाखान्यात जाते म्हणून सांगितलं. दोन बस बदलून हुमनाबादला पोचेपर्यंत अडीच वाजले. कंबर गेली. हैदराबादची गाडी लागलेली होती, पण तिची पायरी फार उंच. मी ड्रायव्हरला पायरी खाली घ्यायला सांगितलं. त्यानं ऐकलं न्हाई.

मग अरुणकुमारला फोन केला. उचलला न्हाई. सहा वेळा उचलला न्हाई. हायवेवरच्या ढाब्यात रोटी खाल्ली, दाळ पातळ होती. चारच्या बसनं परत.

तसं काम बरंच झालं. सहा मिस्ड कॉल म्हणजे त्याला कळलंच असणार की मी निघाले होते.

२५ जानेवारी, शनिवार

कंपनीचं उत्तर आलं. अंबिका ते घेऊन स्वतः आली. फोनवर सांगण्यासारखं नव्हतं म्हणे. उमादेवीसमोर मोठ्यानं मराठीत सांगितलं. हेही फोनवर चाललं असतं.

उत्तरात तीन गोष्टी. एक, काट्यातला आवाज श्रीमती रत्नम्मा गुरुशांतप्पा यांचा. दोन, तो आवाज कुलूपबंद मॉड्यूलला जोडायची लेखी परवानगी श्रीमती रत्नम्मा गुरुशांतप्पा यांची, सहीची प्रत सोबत. तीन, शंभराला दोन किलो कापायचा हिशेब कंपनीनं मनानं घातलेला न्हाई. ती तिथल्या बाजाराची रीत असून ती श्रीमती रत्नम्मा गुरुशांतप्पा यांनी सविस्तर सांगितली.

चुलीवर दूध उतू गेलं तरी उमादेवी उठली न्हाई.

कडत्याचं मी सांगितलं होतं, हे खरं आहे. पन्नासाला एक किलो कडता सोडायचा, ही आमच्या मालकांच्या वेळची रीत. त्या वेळी पोतं तागाचं होतं. तागाच्या पोत्याचंच वजन किलोभर, म्हणून तेवढं सोडायचं. ह्यात चोरी कुठली? आता पोती प्लास्टिकची झाली, मुठीत मावतात. हे त्यानं विचारायला पाहिजे होतं. मी रीत सांगितली, पोत्याचं त्यानं विचारलं न्हाई. आणि त्या मूर्खांनी पोत्याचं, लोखंडाचं, माणसाचं, सगळ्याचंच कापलं.

अंबिका म्हणाली, "आज्जी, सही केलीस ते मला कामून सांगितलं न्हाईस?"

मी म्हटलं, "तू विचारलं कुठं?"

तिनं चहा घेतला न्हाई.

२६ जानेवारी, रविवार. सकाळी आठ.

झेंड्याला गेले न्हाई. गुडघा.

खरं बघितलं तर चूक अंबिकाची. मालक म्हणून म्हातारीचं नाव टाकायचं, मालकाला इंग्रजी येत न्हाई हे ठाऊक असून. मालक म्हटल्यावर माणूस सही करणारच.

दुपारी दोन.

अंबिका सकाळपासून तो कागद वाचत बसली होती. आत्ता हसली. त्या परवानगीत लिहिलंय, "नमुन्याच्या एका यंत्रासाठी." एकाच. आणि कंपनीनं विकले चाळीस. नमुन्याचा काटा हैदराबादला त्यांच्या ऑफिसात आहे. म्हणजे मल्लप्पाचा काटा आणि बाकीचे सगळे परवानगीशिवायचे. त्या सगळ्यांची कुलूपबंद पेटी त्यांना उघडावी लागेल. आत कडता दिसला की तो काढावाच लागेल, चाळीस गावांत.

मी म्हटलं, बघ. मी सही करताना विचार करूनच एकाची केली होती.

तिनं माझे दोन्ही हात धरले. वकिलाशी बोलणं चालू होईल, पंधरा दिवस लागतील. तोपर्यंत कुणाशी बोलायचं न्हाई. कंपनीशी न्हाई, मल्लप्पाशी न्हाई, चन्नव्वाशी न्हाई.

ठराव: पंधरा दिवस तोंड बंद. अवघड न्हाई. मी मूळची अबोल.

३० जानेवारी, गुरुवार

चार दिवस गप्प राहिले. हे कुठंतरी नोंदवलेलं असावं.

आज आडतीवर गेले. बोलायला न्हाई, बघायला. चन्नव्वाच्या दिराचं पोतं काट्यावर होतं. काटा बोलला, "एकोणपन्नास किलो." तो माझ्याकडं बघून थुंकला. बाजूला थुंकला, पण माझ्याकडं बघून.

मग माझ्यानं राहवलं न्हाई. मी म्हटलं, पन्नास.

मल्लप्पानं पोतं उचलून परत ठेवलं. काटा म्हणाला, "एकोणपन्नास किलो." मी म्हटलं, पन्नास. काटा कन्नडमध्ये म्हणाला. मी कन्नडमध्ये म्हटलं. दोन्हीकडं आवाज एकच. माझा जरा वरचा, काट्यातला शांत. लोक पोती टाकून गोळा झाले. शंभरेक माणूस असेल. मी एकटीच भांडत होते, दोन्ही बाजूंनी.

मल्लप्पा हात जोडून म्हणाला, "रत्नक्का, मी आता तुमचं ऐकू का तुमचं ऐकू?"

हमालसुद्धा हसले. चन्नव्वाचा दीर म्हणाला, काटा तरी सरळ बोलतो, ही चिडून बोलते, म्हणजे खोटं हिचंच. सगळ्यांना ते पटलं. मी घरी आले. रस्त्यात सगळी दारं उघडी होती.

बीपी: उमादेवीनं सेल आणले. मशीननं आकडा दाखवला. मी ते बंद केलं.

१ फेब्रुवारी, शनिवार

अंबिकाचा फोन. बोलणं चांगलं चाललंय. कंपनीचा वकील नरम आहे. आठ-दहा दिवस गप्प राहा म्हणाली. मी आडतीवर गेले होते का, विचारलं. म्हटलं, दुरून गेले.

आठ दिवस. आठ दिवसांत तुरीचा हंगाम संपेल. रोज दोनशे पोती माझ्या तोंडातून एक एक किलो कमी होऊन जातील आणि नाव माझंच घेतील. पुढं पेटी उघडली, न्याय झाला, तर तो न्याय लोकांना दिसणार कॉम्प्युटरमध्ये. तोवर मी ह्या गल्लीत जगायचं कसं? पोरीला हे कळत न्हाई. तिला चाळीस गावं दिसतात. मला ही एक गल्ली पार करून दूध आणायचं असतं.

३ फेब्रुवारी, सोमवार. दुपारी.

अरुणकुमारनं फोन उचलला. पहिल्याच रिंगला. म्हणजे खरोखर चांगला माणूस.

मी त्याला स्वच्छ सांगितलं. माझा आवाज तुमच्या काट्यातून काढ. आजच्या आज. तो म्हणाला, आज्जी, तुमचा शब्द आम्हाला देवाचा. अंबिकामॅडमचं आवाजाचं सॉफ्टवेअरच सगळं काढून टाकतो, चाळीसही काट्यांतून. तुम्हाला त्रास नको. मी म्हटलं, असं पाहिजे.

मग म्हणाला, ऑफिसात दाखवायला एवढंच एकदा व्हॉट्सॲपवर बोलून पाठवा, मालक म्हणून. काय बोलायचं तेही त्यानंच सांगितलं, म्हणजे मला विचार करायचा त्रास नको. मी बोलले, "माझा आवाज काढा. आधी झालं ते झालं. बाकी माझी काही तक्रार न्हाई." एका दमात, न अडखळता. धान्याच्या खोलीत बोलले होते तसंच.

ह्यावेळी सही केली न्हाई. माणूस शिकतो.

६ फेब्रुवारी, गुरुवार

काम फत्ते. नोटीस, वकील, पंधरा दिवस, ह्यांनी जे झालं न्हाई ते माझ्या एका फोननं तीन दिवसांत झालं. मल्लप्पाच्या काट्यात आता दुसरी बाई बोलते. बेंगळूरची असावी. शुद्ध कन्नड, मधेच जरा हिंदी. मराठी न्हाई. गोड आवाज, जणू पोतं टेकवल्याबद्दल उपकार मानायलीय.

नळावर बायका बोलल्या. एकीनं हंडा उचलू लागला. चन्नव्वा वाटीचंसुद्धा बोलली न्हाई.

अंबिकाला सरप्राईज द्यायचं. रविवारी फोन करेल तेव्हा सांगीन.

९ फेब्रुवारी, रविवार. दुपारी चार.

अंबिकाला आधीच कळलं होतं. तिच्या वकिलाला त्यांच्या वकिलानं सांगितलं, माझा आवाजही ऐकवला.

तिनं भांडायला पाहिजे होतं. भांडण मला येतं. ती हळू बोलत होती. म्हणाली, "आज्जी, उद्या सह्या होणार होत्या. ते पेटी उघडणार होते." आपलं सॉफ्टवेअर आत होतं, म्हणून उघडा म्हणायचा हक्क होता. आता आत आपलं काहीच न्हाई. त्यांची पेटी, त्यांचं कुलूप. मागच्या चाळीस काट्यांचं तरी विचारलं असतं, तर मालकानंच सांगितलंय, झालं ते झालं, तक्रार न्हाई.

मी म्हटलं, माझं नाव तर सुटलं.

"व्हय," ती म्हणाली. "नाव सुटलं." मग कुकरची शिट्टी झाली म्हणून फोन ठेवला. मला शिट्टी ऐकू आली नव्हती.

सकाळी आमची तूर गेली, सहा पोती. घरून पन्नास भरून नेली होती, मी स्वतः समोर उभी राहून. त्या बेंगळूरच्या बाईनं प्रत्येकाला एकोणपन्नास सांगितलं. कुणी काही बोललं न्हाई. चन्नव्वाचा दीर मागं रांगेत होता. म्हणाला, शिकलेली बाई आहे, तिचं चुकायचं न्हाई. मी पन्नास म्हणायला तोंड उघडलं आणि परत मिटलं. माझा आवाज आता तिथं कुणाच्या कामाचा न्हाई.

संध्याकाळ.

उदगीरकडच्या दोन बायका जीप करून आल्या. त्यांच्या गटाला बोलणारा काटा स्वतःचा करायचा आहे. अंबिकाचं सॉफ्टवेअर नेटवर बघितलं, मालक म्हणून माझं नाव वाचलं, पत्ता विचारत दारात उभ्या. एकीनं पाया पडून पिशवीतून कागद काढला. मराठीत होता, मला सगळा वाचता येत होता. मी उठून आत गेले.

उमादेवीला सांगितलंय, इथंही लिहून ठेवते. काट्याचं, आवाजाचं, लायसन्सचं कुणीही काहीही विचारायला आलं, तर अंबिकाचा नंबर द्यायचा आणि उत्तर तिनंच द्यायचं. मी दारात बसलेली असले तरी मला विचारायचं न्हाई.